डुक्कर, खुर्ची आणि शुक्रवार

कोर्टात एक वकील उभा आहे. त्याचा अशील एकवीस वर्षांचा काळा पोरगा, ऊसतोडीवर राबणारा. आरोप खुनाचा. वकील गोरा, ज्यूरीतले बाराच्या बारा गोरे. वकिलाला पोराला वाचवायचंय, निदान तसं तो म्हणतो. आणि वाचवण्यासाठी तो जे बोलतो त्याचा मथितार्थ असा : साहेब, हा कट करील एवढी अक्कल याच्या डोक्यात आहे का? हे सांगितलेलं काम करणारं जनावर. याला विजेच्या खुर्चीत बसवणं म्हणजे डुकराला बसवणं. त्यात कसला आलाय न्याय?

ज्यूरी जेवून येते आणि पोराला दोषी ठरवते. म्हणजे शिवीही दिली आणि जीवही घेतला. फिर्यादीच्या वकिलानं दिली असती तर ती शिवी विसरता आली असती. पण ती दिली बचाव करणाऱ्यानं. आपल्या बाजूनं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून आपल्याविषयी काय निघतं हे ज्यानं एकदा ऐकलंय, त्याला या कादंबरीत शिरायला दुसरी वाट लागत नाही.

अर्नेस्ट जे. गेन्स यांची ही कादंबरी, 'अ लेसन बिफोर डाइंग', 1993 साली आली. अमेरिकेत तिला मोठं बक्षीस मिळालं, पुढं सिनेमा निघाला, टीव्हीवाल्या बाईंनी उचलून धरली म्हणून लाखांनी खपली. ते सगळं असो. गेन्स 1933 साली लुइझियानात एका मळ्यावर जन्मले. गुलामांच्या खोपट्यांची जी रांग असते तिथंच वाढले, लहानपणी शेतात राबले, पंधराव्या वर्षी कॅलिफोर्नियाला गेले. 2019 साली वारले. त्यांना वाढवलं ऑगस्टीन जेफरसन नावाच्या नात्यातल्या एका बाईनं. या बाईला चालता येत नव्हतं. जमिनीवर सरपटत ती स्वयंपाक करायची, धुणं धुवायची, पोरं सांभाळायची. कादंबरीतल्या पोराचं नाव जेफरसन. आणि सगळी कादंबरी कशावर उभी आहे? तर तो खुर्चीपर्यंत आपल्या पायांनी चालत जाईल का यावर. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो. काळ 1940 नंतरचा, गाव बेयोन नावाचं, कल्पित. जेफरसन दोघा ओळखीच्यांबरोबर दारूच्या दुकानात जातो. त्यांना उधार हवी असते, दुकानदार देत नाही, गोळीबार होतो. दुकानदार मेला, ते दोघेही मेले. जेफरसन एकटा उरला. घाबरून बाटली तोंडाला लावली, गल्ल्यातले पैसे खिशात घातले, तेवढ्यात माणसं आली. संपलं. त्याची धर्मआई मिस एमा, जिनं त्याला वाढवलं, ती खटला ऐकते. सुटकेची आशा ती धरतच नाही. तिच्या कानात एकच शब्द अडकलाय. ती मळ्यावरच्या शाळेच्या मास्तराला, ग्रँट विगिन्सला, गाठते. म्हातारीचं म्हणणं एवढंच की खुर्चीकडे डुक्कर जायला नको, माणूस जाऊ दे. तू शिकलेला आहेस, तू त्याला तसं शिकव.

आपल्याकडे या शब्दाचा वास वेगळा सांगायला नको. 2014 साली 'फँड्री' आला तेव्हा थेटरात बसलेल्या कित्येकांना पहिल्यांदा कळलं की कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. गाव ज्याला डुक्कर धरायला लावतं त्यालाच पुढं डुक्कर म्हणतं. कामावरून जात आणि जातीवरून जनावर, हा हिशेब लुइझियानातला उसाचा मळेवाला आणि आपला पाटील एकमेकांना न भेटता सारखाच मांडतात. 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी काळ्या पँथरांचं नाव उचललं, ते काही फॅशन म्हणून नव्हतं.

पण सारखेपणावर टाळ्या वाजवून कादंबरी बाजूला ठेवायची नाही. हिच्याशी भांडायचंय.

आधी जे थेट काळजाला जातं ते. मास्तराला तुरुंगात जायची परवानगी हवी. त्यासाठी मळ्याच्या मालकाकडं जायचं, कारण शेरीफ त्याचा मेव्हणा. मिस एमानं त्या घरात आयुष्यभर रांधलं, धुतलं. मास्तरानं युनिव्हर्सिटीतून आल्यावर ठरवलेलं की त्या घराच्या मागच्या दारानं पुन्हा जायचं नाही. जावं लागतं. दुसऱ्यांदा बोलावतात तेव्हा अडीच तास स्वयंपाकघरात उभं ठेवतात. आत जेवणावळ चाललीय. मग शेरीफ येतो आणि मास्तरापुढं पेच काय? तर व्याकरण शुद्ध बोलू की अशुद्ध. शुद्ध बोललं तर शेरीफला राग येणार, अशुद्ध बोललं तर स्वतःचा येणार. तो शुद्ध बोलतो. शेरीफ लगेच सुनावतो की तू जरा जास्तच शहाणा दिसतोस. तहसील कचेरीत आपलं काम घेऊन उभं राहिलेल्या पहिल्या पिढीच्या ग्रॅज्युएटला हे समजावून सांगावं लागणार नाही. कसं उभं राहायचं, हात कुठं ठेवायचे, 'साहेब' किती वेळा म्हणायचं! गेन्स हे प्रसंग घाई न करता लिहितात. वाचताना आपलेच पाय दुखायला लागतात.

आता धर्म. जेफरसनचा दिवस ठरतो ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी. का? तर मधे उपवासाचे पवित्र दिवस आहेत, त्यात आधीच एकाला मारायचंय, दोघांना मारणं बरं दिसणार नाही. वेळ दुपारी बारा ते तीन. ग्रँटच्या ध्यानात येतं की येशू मेला तोही शुक्रवार, वेळही तीच. म्हणजे ज्यांच्या देवालाच सरकारनं खिळे ठोकून मारलं, ते त्या देवाचं पंचांग बघून माणूस मारायचा मुहूर्त काढतात! साऱ्या पुस्तकात धर्मावरचा सर्वांत कठोर वार हाच, आणि तो एका साध्या तारखेतून केलाय. आपल्याला मुहूर्त, पंचांग, सोवळं-ओवळं यांची ओळख जुनी आहे. पण मारण्याचंही सोवळं असतं हे इतकं उघडं मी दुसरीकडं वाचलेलं नाही.

यात लेखकानं काही अंगचं घातलंय असंही नाही. लुइझियानात तेव्हा विजेची खुर्ची ट्रकमधून गावोगाव फिरायची. सोबत जनरेटर. ज्या गावचा कैदी, त्या गावच्या तुरुंगात खुर्ची उतरवायची आणि काम उरकून पुढं जायचं. 3 मे 1946 रोजी सेंट मार्टिनव्हिल गावात विली फ्रान्सिस नावाच्या काळ्या पोराला या खुर्चीत बसवलं. गुन्हा घडला तेव्हा तो पंधरा वर्षांचा. बटण दाबलं, वीज आली, पोरगा तडफडला, पण मेला नाही. खुर्ची नीट जोडलेलीच नव्हती. मग खटला सुप्रीम कोर्टात गेला. प्रश्न असा की एकदा मारून न मेलेल्या माणसाला पुन्हा मारायचं का. 1947 च्या जानेवारीत पाच विरुद्ध चार मतांनी कोर्ट म्हणालं, मारा. 9 मे 1947 ला मारलं. दोन्ही तारखा पंचांगात काढून बघा, दोन्ही शुक्रवार. गेन्सना हा खटला ठाऊक होता आणि कादंबरी लिहिताना तो त्यांच्या डोक्यात होता.

कादंबरीत देवाची बाजू मांडायला रेव्हरंड अँब्रोझ आहे. शाळा त्याच्याच चर्चमधे भरते, तीही वर्षातले साडेपाच महिने, कारण बाकीचे महिने पोरं शेतात. ग्रँटचा देवावर विश्वास राहिलेला नाही. अँब्रोझला जेफरसन गुडघ्यावर बसून प्रार्थना करताना हवाय, ग्रँटला तो ताठ उभा हवाय. दोघांची एका मरणाऱ्या पोरावरून ओढाताण. ग्रँट त्याला छोटा रेडिओ आणून देतो. पोरगा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मालकीच्या वस्तूतून गाणी ऐकतो. अँब्रोझ म्हणतो, ही पापाची पेटी. ग्रँट म्हणतो, पेटी काढून घेतलीत तर तुमच्या हाती डुक्करच उरेल. इथं आपण सगळे ग्रँटच्या बाजूला. मीही होतो. पानाच्या कडेला पेन्सिलनं 'बरोबर' असं लिहिलंही.

पण पुढं एक प्रकरण येतं. अँब्रोझ मास्तराच्या खोलीत येतो आणि त्याला झाडतो. म्हणतो, तू वाचायला लिहायला शिकलास, पण स्वतःच्या माणसांची तुला खबर नाही. हो, मी खोटं बोलतो. स्वर्ग आहे म्हणून सांगतो, दुःख हलकं व्हावं म्हणून सांगतो. तुझी मावशी तुझ्याशी आयुष्यभर खोटंच बोलली. बरी आहे म्हणाली. तिचे ऊसतोडीनं सोललेले हात तू कधी पाहिलेस? गुडघे पाहिलेस? त्या खोटेपणावर तू युनिव्हर्सिटी केलीस. ग्रँटला उत्तर सुचत नाही.

मलाही सुचलं नाही. माझ्या आजीनं छप्पन सालानंतर देव्हारा नदीत सोडला. बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून सोडला, मागं वळून बघितलं नाही. पण कॉलेजात गेल्यावर मला कळलं की तिनं मरीआईचा एक तांदळा डब्यात ठेवलाय, ज्वारीखाली. मी तिला बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या. वसतिगृहात शिकून आलेला नातू आजीला बुद्धिवाद शिकवतोय! ती म्हणाली, "आरं, म्या कुटं पुजिते तिला. ठिवलीय नुसती. तू आजारी पडला व्हतास तवा तीच व्हती संगं." मी तांदळा फेकून दिला. तेव्हा वाटलं जिंकलो. अँब्रोझ वाचताना आठवलं की त्या दिवशी आजी जेवली नव्हती.

तरीही अँब्रोझचं मी मान्य करत नाही. ते खोटं बोलणं प्रेमाचं असेल, पण त्याचा फायदा कुणाला? कैद्यांनी शांतपणे मरावं ही इच्छा फक्त म्हातारीची नाही. शेरीफचीही तीच आहे. परवानगी देताना तो सरळ बोलून दाखवतो की खवळलेलं डुक्कर खुर्चीकडं नेण्यापेक्षा समाधानी डुक्कर नेणं त्याला परवडेल. म्हणजे बघा : धर्मआईला तो ताठ मानेनं जायला हवा, पाद्र्याला देवाचं नाव घेत जायला हवा, शेरीफला आरडाओरडा न करता जायला हवा. बाहेरून तिन्हींचं चित्र एकच दिसणार. पोरगा येतो, बसतो, मरतो, गडबड नाही. मग फरक कुठं राहिला? सन्मानानं मरायला शिकवणं म्हणजे सरकारचं काम सोपं करून देणं तर नव्हे? ही शंका मला कादंबरी संपेपर्यंत सोडत नव्हती, आणि ती गेन्सनीच पेरलीय असं आता वाटतं.

तिचं उत्तर मास्तर देत नाही, पाद्री देत नाही. जेफरसनच देतो, एका वहीत. ग्रँटनं त्याला वही आणि पेन्सिल दिलेली, मनात येईल ते लिही म्हणून. एक आख्खं प्रकरण ती वही आहे. विरामचिन्हं नाहीत, स्पेलिंग चुकीचं, वाक्यं एकात एक घुसलेली. ज्याला वकिलानं अक्कल नाही म्हटलं, त्याचं डोकं पहिल्यांदा कागदावर चालताना दिसतं. देव गोऱ्यांचंच काम करतो असं त्याला दिसतंय, हे तो लिहून ठेवतो, अँब्रोझचा मुलाहिजा न ठेवता. भेटायला आलेली शाळेतली पोरं लिहितो. नॅननला एवढा जवळचा तो कधी झाला नव्हता हे लिहितो. शेरीफ येऊन विचारतो की तुला इथं नीट वागवलं ना, मग तसं वहीत लिही. तेही तो लिहून ठेवतो! शेरीफचं प्रशस्तिपत्र मागणंच पुराव्यात जमा झालं. शेवटच्या सकाळी उजाडताना झाडावरचा पक्षी, आभाळाचा रंग. शेरीफला गप्प मेलेला कैदी हवा होता. त्याला मिळाला बोलून गेलेला.

मी या वहीपुढं पुस्तकातली सगळी मोठमोठी भाषणं ओवाळून टाकीन. ग्रँट अधूनमधून फार भाषण करतो, वीर कुणाला म्हणावं वगैरे. त्या पानांत मास्तरकी आहे. त्याची आणि व्हिव्हियनची प्रेमकथाही मला लांबलेली वाटली. दोघं पुन्हा पुन्हा पळून जायच्या गोष्टी करतात आणि वाचणारा मनात तुरुंगाकडं चालू लागतो.

दुसरं भांडण मोठं आहे. मरणाच्या वेळी ग्रँट तिथं नसतो. तो शाळेबाहेर उभा, आत पोरं गुडघ्यावर. जेफरसन त्या खोलीत सर्वांत खंबीर होता ही साक्ष कोण आणतं? पॉल, तुरुंगातला गोरा शिपाई. भला पोरगा आहे, खोटं वाटत नाही. जेफरसनचा निरोपही तोच आणतो, की नॅननला सांगा, मी चालत गेलो. पण का बरं गोऱ्याच्या तोंडून? आपलं माणूसपण शेवटी त्यांच्यातल्या एका भल्या माणसानं सर्टिफाय करावं लागतं काय? अँब्रोझ त्या खोलीत हजर होता. ज्याला मास्तर हिणवत आला तो म्हातारा पाद्री आत उभा राहिला आणि देव न मानणारा मास्तर बाहेर राहिला, ही गोष्ट गेन्स लपवत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मग साक्ष त्याची का घेतली नाही? आणि मिस एमा, जिच्या हट्टानं हे सगळं घडलं, ती शेवटी अंथरुणाला खिळलेली, पानांबाहेर. बायांनी रांधायचं, डबे भरायचे, रडायचं. हे आपल्याही कथा-कादंबऱ्यांत चालत आलंय, म्हणून गेन्सना एकट्याला पकडत नाही.

तिसरं भांडण आपलं आपल्याशी. जेफरसन निर्दोष आहे. त्यामुळे वाचणाऱ्याला सोपं जातं. खरोखर खून केलेला असता तर? 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजी झाली. आपण रस्त्यावर आलो, घोषणा होती 'फाशी द्या'. मीही दिली, घसा बसेपर्यंत. 2008 साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली. आणि त्याच निकालात अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. दोर दिला, जात काढून घेतली. 2010 साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली, जात तिथंही आली नाही. आपण मात्र दोराकडंच बघत राहिलो.

दोर कुणाच्या गळ्यात बसतो हे बघायचं तर 2019 चा निकाल वाचा. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतले सहा जण. 2009 साली सुप्रीम कोर्टानं सहाही जणांची फाशी पक्की केलेली. दहा वर्षांनी त्याच कोर्टानं सांगितलं की हे निर्दोष आहेत, सोडा, आणि प्रत्येकी पाच लाख द्या. जेफरसनला वहीत जे लिहावं लागलं ते या सहांपैकी कुणी लिहिलं असतं तर मराठीत कोण छापणार होतं? बाबासाहेबांनी 3 जून 1949 ला घटना समितीत अपिलाच्या हक्कावर बोलताना सांगून टाकलं होतं की फाशीची शिक्षाच रद्द करावी हे त्यांना जास्त पसंत, हा देश अहिंसेचं तत्त्व मानतो तर तेच योग्य. हे भाषण आपण जयंतीला वाचत नाही.

आणि आता गेन्सच्याच लुइझियानातली गोष्ट. 18 मार्च 2025 ला तिथं जेसी हॉफमन या काळ्या माणसाला नायट्रोजन वायूनं मारलं. पंधरा वर्षांत त्या राज्यातली पहिलीच. हा जेफरसन नव्हे. त्यानं 1996 साली एका बाईला पळवून, अत्याचार करून मारलं होतं. तुरुंगात तो बौद्ध झाला. त्याचं कोर्टापुढं म्हणणं असं की माझ्या धम्मात मरताना श्वासावर ध्यान ठेवायचं असतं, तुम्ही तोंडावर मुखवटा बांधून श्वासच घेणार. सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी स्थगिती नाकारली. विली फ्रान्सिसच्या वेळचेच आकडे. आनापानसती आपण विहारात शिकतो. त्या माणसानं केलेलं मी एका ओळीनंही हलकं करत नाही, त्या बाईच्या घरच्यांना जाऊन मी काय सांगू? पण अंगुलीमालाला पकडायला राजा घोडेस्वार घेऊन आला आणि समोर भिक्खू बसलेला, ही गोष्ट 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मधे बाबासाहेबांनी मुद्दाम घेतलीय, पानं भरायला नव्हे. गेन्सच्या कादंबरीत जो प्रश्न निर्दोष पोरामुळे टळला, तो हॉफमननं आपल्या दारात आणून ठेवला. मंडळात यावर एकमत होणार नाही. होऊ नये.

राहिलं भाषांतराचं. मराठीत ही वही कशी आणायची? पुण्याच्या मराठीत आणली तर पोरगा दुसऱ्यांदा मेला. मी पहिली दोन पानं माझ्या गावच्या बोलीत उतरवून पाहिली, काना-मात्रा जसे आजी लिहायची तसे ठेवून. ती साक्षरता वर्गात फक्त सही शिकली होती, पण एकदा तिनं मला चार ओळींचं पत्र लिहिलं होतं. कुणी वऱ्हाडीत, कुणी मराठवाडीत करून बघणार असेल तर पुस्तकाची प्रत माझ्याकडं आहे. पानाच्या कडेची पेन्सिल खोडलेली नाही, तेवढी चालवून घ्या.